रात्रभर बाहेर राहिलेल्या अन्नाबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

सा. न.

फोनवर हे दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते. रात्री शिजवलेलं अन्न ओट्यावर राहून गेलं, तर ते सकाळी खायचं का? आई, तू म्हणतेस, वास घेतला की कळतं. बाबा, तुम्ही म्हणता, एक दणदणीत उकळी काढली की काही होत नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. शिजवलेला भात, डाळ, कडधान्यं, भाजी, सूप, मांस, मासे, अंडी, दुधाचे पदार्थ, यांतलं काहीही रात्रभर बाहेर राहिलं असेल तर टाकून द्या. वास चांगला असला तरी आणि उकळी काढायची तयारी असली तरी. नुसतं "टाका" म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, आणि न पटता तुम्ही ऐकावं असं मलाही वाटत नाही. म्हणून कारणं लिहिते.

अन्न शिजवलं म्हणजे त्यातले सगळे जिवाणू मेले, असं आपण धरून चालतो. साधे जिवाणू मरतातही. पण माती आणि धान्यात राहणारे काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच करून घेतात. त्यांना बीजाणू म्हणतात. हे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही तगतात. इतकंच नव्हे, तर उष्णतेने ते रुजायला तयार होतात, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जिवाणू शिजताना मेल्यामुळे सगळं पातेलं त्यांना मोकळं सापडतं. अन्न वाफाळतं असेपर्यंत ते वाढत नाहीत. गॅस बंद होऊन तापमान ६० अंश सेल्सिअसच्या खाली घसरलं की त्यांचे दिवस सुरू होतात, आणि ते ५ अंशांच्या खाली जाईपर्यंत चालू राहतात. घरातली हवा, उन्हाळ्यातली असो की हिवाळ्यातली, बहुधा या दोन आकड्यांच्या मधेच असते. "थंडी आहे, राहील बाहेर," असं म्हणताना स्वयंपाकघरात १५-१८ अंश असतील, तर वाढ मंदावते, थांबत नाही.

वेग किती असतो ते बघा. मानवेल असं तापमान मिळालं तर बरेच जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. तासाला तीन दुपटी. दोन तासांत एकाचे ६४ होतात. आठ तासांत २४ दुपटी होतात आणि एकाचे १ कोटी ६७ लाखांवर जातात. खऱ्या पातेल्यात सुरुवातीला त्यांना जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो आणि प्रत्येक पदार्थात वेग वेगळा असतो, पण दोन तास आणि एक रात्र यांतला फरक केवढा आहे ते यावरून कळेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं काढली, त्यातही शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असंच आहे. खोलीतलं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरायचा. हे दोन तास एकूण मोजायचे. जेवायला बसण्याआधी अन्न तासभर ओट्यावर होतं आणि मग तासभर टेबलावर, तर वेळ संपली.

बाबा, आता तुमच्या उकळीबद्दल. उकळीने जिवाणू मरतात हे खरंच आहे. पण काही जिवाणू वाढताना अन्नात विष सोडतात, आणि ते विष उकळीने मोडत नाही. भातातलं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. तांदळाच्या दाण्यावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू नेहमीच थोडेफार असतात. भात शिजताना ते टिकतात. भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि सेरुलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष १०० अंशांना सोडा, प्रेशर कुकरच्या १२१ अंशांनाही तासभर दाद देत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये परतलेल्या भातातून उलट्या होण्याची प्रकरणं एकामागून एक पुढे आली, तेव्हा हा प्रकार नीट लक्षात आला. तिथल्या खाणावळींत भात मोठ्या प्रमाणात उकडून, तो मोकळा राहावा म्हणून फ्रिजबाहेर ठेवत आणि मग कडक आचेवर परतून वाढत. परतण्याने जिवाणू मरत होते, विष तसंच राहत होतं. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. पास्ता, उकडलेले बटाटे, नूडल्स अशा पिठूळ पदार्थांतही हेच होऊ शकतं.

दुसरा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो धान्यातून नाही, आपल्याकडूनच येतो. साधारण दर तिघांतल्या एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो, शिवाय त्वचेवर, नखांपाशी, पिकलेल्या जखमेत. स्वयंपाक झाल्यावर वाढताना हात लागला, चाखलेला चमचा पुन्हा पातेल्यात गेला, की तो अन्नात उतरतो. त्याचं विषही अर्धा तास उकळून जात नाही. मांस सोलून-चिरून ठेवणं, उकडलेली अंडी सोलून ठेवणं, क्रीम किंवा अंडी-दुधाचं सारण भरलेले पदार्थ, यांत हाताचा स्पर्श जास्त, म्हणून तिथे जास्त जपायचं.

तिसऱ्याच्या बाबतीत मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे, बाबा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा मोठ्या पातेल्यातल्या मांसात, दाट रश्शात, घट्ट डाळीत वाढतो, कारण त्याला हवा नको असते आणि उकळून निवणाऱ्या दाट पदार्थाच्या पोटात हवा फारशी उरत नाही. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तो सुमारे १० मिनिटांत दुप्पट होतो. झाकलेलं मोठं पातेलं नेमकं याच तापमानातून फार सावकाश उतरतं. हा आपलं विष अन्नात फारसं सोडत नाही, पोटात गेल्यावर सोडतो, त्यामुळे आतपर्यंत नीट उकळलं तर धोका खूप कमी होतो. पण पातेल्यात यांपैकी कोण वाढलं आहे हे बाहेरून सांगता येत नाही. उकळी एकाला मारते आणि दुसऱ्याचं विष तसंच ठेवते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आई, आता वासाचं. अन्न आंबणं, त्याला तार सुटणं, बुरशी येणं, हे करणारे सूक्ष्मजीव आणि आजारी पाडणारे जिवाणू बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. आंबूस वास आला तर टाकायचं हे तुझं बरोबरच आहे. पण वास आला नाही म्हणून खायचं, हे त्यातून निघत नाही. वर सांगितलेल्या विषांना ना वास, ना चव, ना रंग. थोडं चाखून बघावं म्हणशील, तर तेही नको. शिवाय वय वाढतं तसं नाक मंदावतं, आणि ते इतकं हळूहळू होतं की माणसाला स्वतःला जाणवत नाही.

"आजवर खात आलो, काही झालं नाही," याचाही विचार मी केला आहे. प्रत्येक बाहेर राहिलेलं पातेलं विषारी होतं असं मुळीच नाही. बहुतेक वेळा निभावतं. पण परफ्रिंजन्सचा त्रास खाल्ल्यावर साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतो. सकाळी खाल्लेल्या शिळ्या रश्शाने रात्री पोट बिघडलं, तर आपण दोष देतो संध्याकाळच्या फराळाला, नाहीतर हवा बदलल्याला. त्यामुळे "काही झालं नाही" हा हिशोब वाटतो तितका पक्का नसतो.

आणि तिशीतलं पोट आणि सत्तरीतलं पोट यांत फरक आहे. जठरातलं आम्ल ही पहिली तटबंदी. वयाबरोबर ती अनेकांची कमी होते, आणि पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तर आणखी खाली येते. प्रतिकारशक्ती सावकाश कामाला लागते. तहान कमी लागते, म्हणून उलट्या-जुलाबांत शरीरातलं पाणी कधी आटलं ते कळत नाही, आणि त्याचा ताण थेट मूत्रपिंडावर येतो. जे तरुण माणसाचं एका दिवसाचं दुखणं, ते तुमच्यासाठी दवाखान्यातला आठवडा होऊ शकतं. मला भीती याची वाटते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: उरलेल्या अन्नाचा निर्णय सकाळी घ्यायचा नसतो, रात्रीच घ्यायचा असतो. सकाळी त्या पातेल्याची कुठलीच परीक्षा घरात घेता येत नाही. रात्री मात्र दहा मिनिटांचं काम असतं.

गॅस बंद केला की फोनवर दीड तासाचा गजर लावा. गजर वाजला की जेवण झालेलं असो वा नसो, उरणार आहे तेवढं काढून ठेवा. जेवायलाच उशीर होणार असेल तर अन्न मंद आचेवर वाफाळतं ठेवा, म्हणजे ६० अंशांच्या वर. भाताच्या विजेच्या कुकरला गरम ठेवायची सोय असते, ती चालू असेल आणि भात खरोखर कढत राहत असेल तर ठीक. कुकर बंद करून झाकण लावून ठेवणं हे मात्र सगळ्यात वाईट. तो भात आत तासन्‌तास कोमट राहतो.

पातेलं आख्खं फ्रिजमध्ये ढकलू नका. घट्ट पदार्थ आतून निवायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे थराची जाडी निम्मी केली तर वेळ साधारण चौथाईवर येतो. चार लिटर रस्सा खोल पातेल्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तरी त्याचा मध्यभाग कित्येक तास कोमट असतो. म्हणून पसरट, उथळ डब्यांत काढायचं, थर दोन इंचांपेक्षा जास्त नको. भात ताटात पसरला की अर्ध्या तासात बराच निवतो. पातळ पदार्थाचं पातेलं गार पाण्याने भरलेल्या मोठ्या घमेल्यात बसवा, पाण्यात बर्फ घातला तर उत्तम, आणि अधूनमधून ढवळत राहा. पाणी कोमट झालं की बदला. अमेरिकेत खाणावळींना जो नियम आहे तो घरीही उपयोगी पडतो: ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत यायला हवं, आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा कडक आहे, कारण जिवाणू त्यातच सर्वांत वेगाने वाढतात.

गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं की फ्रिज बिघडतो, ही समजूत सोडून द्या. उकळतं मोठं पातेलं ठेवलं तर शेजारचे डबे तापतील, ते नको. पण छोट्या उथळ डब्यातलं, हाताला सोसवेल इतकं गरम अन्न ठेवायला काहीच हरकत नाही. पूर्ण गार होण्याची वाट बघतच अन्न विसरलं जातं. डब्याचं झाकण सुरुवातीला किंचित उघडं ठेवा म्हणजे वाफ जाईल, गार झाल्यावर बंद करा. डबे एकमेकांवर रचू नका, मधून हवा फिरू द्या. दाराच्या कप्प्यात नको, तिथलं तापमान सतत वर-खाली होतं.

फ्रिजच्या आत एक साधा थर्मामीटर ठेवा. बटणावरचे १ ते ५ हे आकडे तापमानाचे नसतात, त्यावरून काहीच कळत नाही. मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ अंश किंवा त्याखाली हवं. जास्त असेल तर बटण वाढवा, दाराचं रबर सैल झालंय का बघा. थर्मामीटर बरोबर आहे की नाही हे तपासायचं असेल तर कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, ० दाखवायला हवा.

फ्रिज वाढ जवळपास थांबवतो, पूर्ण नाही. लिस्टेरिया नावाचा जिवाणू ४ अंशांनाही सावकाश वाढतो, आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना तो फार जड जातो. म्हणून उरलेलं अन्न तीन दिवसांत संपवा, चौथा दिवस ही शेवटची मर्यादा. भाताला मात्र एकच दिवस. डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. डब्यांवरून "हे मंगळवारचं की बुधवारचं" हा वाद तुमच्यात होऊ नये. जास्त दिवस लागणार असेल तर काढून ठेवतानाच उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये टाका, चौथ्या दिवशी आठवण झाल्यावर नाही. फ्रीजर जिवाणूंना झोपवतो, मारत नाही.

गरम करताना लागेल तेवढंच काढा, बाकीचं फ्रिजमध्येच राहू द्या. एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवायचं नाही. पातळ पदार्थ खदखदून उकळला पाहिजे, नुसत्या कडेने आलेल्या बुडबुड्यांवर थांबू नका. घट्ट पदार्थ मधोमध ७४ अंशांपर्यंत जायला हवा. टोकदार दांड्याचा थर्मामीटर खुपसून बघता येतं, नसेल तर मधला घास वाफाळता आहे ना ते पाहा. मायक्रोवेव्ह अन्न सारखं तापवत नाही, कडेला चटका आणि मधे गार असं होतं. त्यात थोडं पाणी शिंपडून झाकायचं, मधे एकदा थांबवून ढवळायचं आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे उष्णता आत पोचते.

सगळंच टाकायचं असंही नाही. पाव, बिस्किटं, सुका मेवा, मध, जॅम, लोणी, आख्खी फळं, पुरेसं मीठ आणि आंबटपणा असलेलं लोणचं, हे रात्रभर बाहेर राहिलं तर काही होत नाही, कारण तिथे जिवाणूंना पुरेसं पाणी तरी मिळत नाही किंवा आम्ल तरी जास्त असतं. दह्याचंही तसंच. विरजणातले भरपूर चांगले जिवाणू काही तासांत दूध इतकं आंबट करतात की घातक जिवाणूंना वाढता येत नाही. विसरून राहिलेल्या भातात विरजण नसतं, तिथे कोण वाढेल ते आपल्या हातात नसतं.

दोन पदार्थांची मात्र वेगळी धास्ती बाळगा: तेलात बुडवून बाहेर ठेवलेला लसूण, आणि ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून भाजलेला आणि तसाच बाहेर राहिलेला बटाटा. दोन्हींत हवा पोचत नाही आणि बोटुलिझमचा, म्हणजे नसा लुळ्या पाडणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकतो. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एल पासो शहरात अशाच बटाट्यांपासून केलेल्या पदार्थाने लोक गंभीर आजारी पडले होते. बटाटा भाजून झाला की कागद काढून टाका. लसूण-तेल लागेल तेवढंच करा.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज सुमारे चार तास गार राहतो, भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. वीज आल्यावर थर्मामीटर बघा. चार तासांहून जास्त गेली असेल तर शिजवलेलं अन्न, दूध आणि मांस टाकून द्या.

आणि चुकून खाल्लंच गेलं, तर घाबरू नका, मुद्दाम उलटी काढू नका. दिवसभर लक्ष ठेवा आणि एकमेकांना सांगा, लपवू नका. उलट्या किंवा जुलाब सुरू झाले तर घोट घोट ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचं माप चुकू देऊ नका, जास्त मीठ अपाय करतं. जुलाब थांबवण्याची गोळी मनाने घेऊ नका. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा, कारण शरीरात पाणी कमी असताना त्यांपैकी काही त्रास देऊ शकतात. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी होत असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, शौचातून रक्त येत असेल किंवा ताप १०२ अंश फॅरनहाइटच्या वर असेल, तर रात्र काढू नका, लगेच जा. दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा गिळायला त्रास होणं, यांतलं काहीही झालं तर एक मिनिटही न थांबता मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा, आणि काय खाल्लं, कधी खाल्लं ते तिथे सांगा.

अन्न टाकताना तुमचा जीव तुटतो, हे मला कळतं. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, दोघांपुरता अंदाज पुन्हा मांडायचा. आठवडाभर रोज किती उरतं ते एका वहीत लिहा, आणि पुढच्या आठवड्यात तेवढं कमी शिजवा.

तुमची लेक

ता. क. फ्रीजरमधला डबा काढलात तर तो रात्रभर ओट्यावर वितळायला ठेवू नका. आदल्या दिवशी खालच्या फ्रिजमध्ये उतरवून ठेवा. घाई असेल तर गोठलेलाच पातेल्यात घालून, थोडं पाणी टाकून, झाकण लावून मंद आचेवर सोडवा आणि मग उकळी काढा.